गरी, भरती आणि मुलांची सुट्टी: उन्हाळी प्रकल्पाच्या नोंदी

13 एप्रिल 2025, रविवार. पुणे

प्रकल्प ठरला. यंदाच्या सुट्टीत मुलांना मासे धरायला शिकवायचं. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाचचा. दोघंही मासे मनापासून खातात, धाकटा तर बांगड्याचे काटे आपले आपण काढतो. पण त्यांच्या लेखी मासा बाजारातून पिशवीत येतो. तो राहतो कुठे, खातो काय, अंडी कधी घालतो, यातलं काहीच त्यांना ठाऊक नाही, आणि ते मला बरं वाटत नाही.

आमच्याकडे दोन्ही पाणी आहेत. माझं माहेर मालवण तालुक्यात, मसुऱ्याच्या खाली कालावलच्या खाडीकाठी. सासर इंदापूर तालुक्यात, उजनीपासून जवळ. दर सुट्टीत दोन्ही घरी जाणं होतंच. या वेळी जायचं ते काठी आणि तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) घेऊन. तयार काठी हातात देऊन तासाच्या हिशेबाने मासा ओढायला लावणारी ठिकाणं मी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. तिथे मुलाला मासा दिसतो, पाणी दिसत नाही. माझ्या मते पहिला धडा पाण्याच्या वेळेचा. गरी (गळ) त्यानंतर.

मुलांच्या बाबाशी बोलून काही गोष्टी आधीच पक्क्या केल्या. काठावर मोठं माणूस असल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही, होडीत लाइफ जॅकेट काढायचं नाही, खाणार तेवढंच घरी आणायचं आणि लहान मासा पुन्हा पाण्यात. थोरलीने हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. धाकट्याने खाली मासा काढला, त्याला दात दिले.

20 एप्रिल, रविवार. पुणे

सामान. बुरुड आळीतून कळकाच्या दोन सरळ, हलक्या काठ्या आणल्या, मुलांच्या उंचीला बेताच्या कापून घेतल्या. रीळ नको असं ठरवलं. रिळात मूल गुंतून पडतं; काठी, तंगूस, बूच, शिसं आणि गरी एवढंच हातात असलं की मासा लागल्याचा झटका थेट मनगटाला कळतो. गऱ्यांना टोकाशी जो उलटा काटा असतो तो पकडीने दाबून सपाट केला. असा काटा दाबलेला असला की बोटात घुसलेली गरी सहज निघते, आणि सोडून द्यायच्या माशाचंही तोंड फाटत नाही. मासा निसटण्याची शक्यता थोडी वाढते. चालेल. तंगूस ढिला सोडायचा नाही, ही सवय त्यातूनच लागते.

थोरलीची परीक्षा 25 तारखेला संपते.

26 एप्रिल, शनिवार. इंदापूर तालुका

पहिला सराव गोड्या पाण्यात, चुलत दिरांच्या शेततळ्यावर. वाटेत भिगवणला थांबलो. 1980 साली भीमेवर उजनी धरण पुरं झालं, त्याचा फुगवटा इथपर्यंत येतो. रोहित पक्षी अजून होते, लांब उथळ पाण्यात माना घालून चरत होते. मुलांना पक्ष्यांपेक्षा मासे वाळत घातलेले दिसले त्याचं अप्रूप जास्त.

शेततळ्याबद्दल एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. तळाला आणि उताराला जो प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की मोठ्या माणसालाही त्यावर पाय रोवता येत नाही. पोहता येणारी माणसंसुद्धा त्या उतारावरून वर येऊ शकत नाहीत. म्हणून दिरांनी तळ्याला तारेचं कुंपण घातलंय आणि चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवलेत. आम्ही कुंपणाच्या आत, सपाट बांधावर, मुलांच्या कमरेला दोरी बांधून बसलो. दुसरं टोक बाबाच्या मनगटाला.

तळ्यात चिलापी. आमिषाला कणीक आणि शेंगपेंडीचा चुरा एकत्र मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या. चिलापी आधी गोळी चाखते, थुंकते, पुन्हा घेते. बूच दोन-तीनदा नाचतं आणि मग आडवं चालू लागतं. ते आडवं चालणं म्हणजे मासा. थोरलीने ते लवकर ओळखलं. धाकटा बूच हललं की ओढत होता. त्याला मी थांबवलं नाही. ओढून ओढून रिकामी गरी वर आली की त्याचा तो थांबायला शिकतो.

दुपारी काकांनी घरासाठी पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकला. जाळ्यात आलेल्यांत एक मादी होती, तळहाताहून थोडी मोठी, गळ्याखालचा भाग फुगलेला. त्यांनी लगेच ओळखलं, तिला पाण्याने भरलेल्या बादलीत सोडलं आणि मुलांना जवळ बोलावलं. तिने तोंड उघडलं आणि आतून जिऱ्याएवढी पिल्लं बाहेर पडू लागली. डोळे तेवढे काळे, बाकी अंग आरपार दिसणारं. थोडा वेळ ती तिच्या डोक्याभोवतीच घोळक्याने फिरत राहिली. चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते आणि पिल्लंही काही दिवस तोंडातच सांभाळते. त्या काळात ती खात नाही, म्हणून गरीला लागत नाही. पागात मात्र सापडते. काकांनी बादली तशीच उचलून हळूच तळ्यात ओतली.

धाकट्याचा प्रश्न: ती पिल्लं चुकून गिळत नाही का? काका म्हणाले, "आई आहे रे ती." त्याला ते पटलं.

(थोरलीच्या वहीसाठी: चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात 1952 साली आणली. आता उजनीत तिचंच राज्य आहे, आणि तिथल्या जुन्या देशी माशांना तिने मागे सारलं, हेही लिहायला सांगितलं. आवडलेल्या माशाबद्दल अर्धंच सांगायचं हे बरोबर नाही.)

1 मे, गुरुवार. पुणे

निकाल. थोरली चौथीत. दाते पंचांग बॅगेत टाकलं.

4 मे, रविवार. प्रवास

राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट उतरून कणकवली. घाटात धाकट्याला उलटी झाली, बाकी विशेष नाही. संध्याकाळी माहेरी. बाबा उद्या पहाटे परत पुण्याला, तो आता शुक्रवारी रात्री येईल.

5 मे, सोमवार. कालावल खाडी. वैशाख शुद्ध अष्टमी

सोमवार, घरात मासे नाहीत. चांगलंच झालं, कारण आज गरी बाहेर काढायचीच नव्हती.

सकाळी आजोबांनी थोरलीला पाऊणकी शिकवायला घेतली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. शाळेत हे पाढे आता कुणी म्हणत नाही. इथे त्यांचा रोजचा उपयोग आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज अष्टमी, आठ पाऊण सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. मधे बारा-साडेबाराला सुकती, म्हणजे ओहोटी. पौर्णिमा आणि अमावस्येनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. घड्याळाच्या काट्यावर अडून बसायचं नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मुंबईच्या मानाने आमच्याकडे भरती थोडी आधी लागते. पण कुठल्या दिवशी किती वाजता काठावर असावं, एवढं या हिशेबाने बिनचूक ठरतं. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो, भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते, हे कारण मी सांगितलं. तोपर्यंत थोरली दहा पाऊण साडेसातवर पोचली होती.

मग खुंटी. मामाने बांबूचा एक सरळ तुकडा घाटाच्या पायरीशी चिखलात रोवला. त्यावर मुलांनी वीत वीत अंतरावर लाल नेलपॉलिशने पट्टे ओढले. नाश्ता करून आठला पाहिलं, नंतर तासातासाने. दुपारपर्यंत पाणी जेमतेम तीन विती उतरलं. धाकट्याची निराशा झाली, त्याला खाडी पूर्ण रिकामी व्हायला हवी होती. मामा म्हणाला, "आता भांग आसा रे झिला. पुनवेक बघ." अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, म्हणून पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं. तो भांग. पौर्णिमा-अमावस्येला दोघं एका रेषेत, तेव्हा उधाण. हे वाक्यात सांगितलं तर मूल विसरतं. खुंटी तिथेच ठेवली आहे.

8 मे, गुरुवार

गुरुवार आणि मोहिनी एकादशी एकाच दिवशी. आज गरी, पाग कशालाच हात नाही. मामा पडवीत पाग विणून दुरुस्त करत बसला होता, थोरली सुईत सूत भरून देत होती. अवकाळी ढग आहेत, हवा कोंदटलेली.

9 मे, शुक्रवार. शुद्ध द्वादशी

उठल्या उठल्या आजोबांचा रोजचा प्रश्न: "बाय, आज तिथ खयची?" उत्तर आलं, "द्वादशी. बारा पाऊण नऊ." म्हणजे सातला काठावर.

भरतीचं पाणी चढत असताना गरवायचं, हे इथलं साधं गणित. सुकतीला खारफुटीची मुळं उघडी पडतात, त्यांवर शेवाळ, किडे, बारकी सुंगटं (कोळंबी) असतात. पाणी चढायला लागलं की मासा ते खायला मुळांत शिरतो. म्हणून गरी चिप्पीच्या झाडांच्या कडेला, मुळांपासून हातभर अलीकडे टाकायची. पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे. तिची वर आलेली टोकदार मुळं मोजायचा धाकट्याने प्रयत्न केला.

काळुंदर हवा होता. त्याचं तोंड लहान, म्हणून गरी सगळ्यात बारकी आणि आमिषाला भाताची आणि कणकेची मऊ गोळी. पहिल्यांदा सगळ्यांच्या गोळ्या नुसत्याच कुरतडून गेल्या. साडेआठच्या सुमाराला पाणी संथ होऊ लागलं आणि थोरलीचं बूच एकदम आडवं, मुळांच्या दिशेने चालायला लागलं. तिने इंदापूरला शिकलेलं इथे वापरलं: घाई न करता मनगट उचललं. वर आला तो हिरवट करडा, अंगावर उभे गडद पट्टे आणि मोत्यासारखे ठिपके, ओल्या उन्हात ते ठिपके एकेक वेगळे दिसत होते. ओल्या हाताने धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मामाने तो तिच्याच हातात ठेवला आणि कल्ल्यांची उघडझाप बघायला लावली. मोठा होता, घरी आला.

धाकट्याला लागलेला बोटभर लांबीचा. मामा म्हणाला, "सोड त्येका. मोठो होवंदे." धाकट्याने सोडला, पण रडून सोडला. पाच वर्षांच्या मुलाचा पहिला मासा परत द्यायला लावणं सोपं नाही, आणि ते सोपं करायला मी खोटं काही सांगितलं नाही. संध्याकाळी त्याला आजोबांनी सांगितलं की काळुंदराचे आई-बाप दोघं मिळून अंड्यांवर आणि पिल्लांवर पहारा करतात, कुणी जवळ आलं की अंगावर धावतात. "म्हणजे त्याची आई तिथेच होती?" असू शकेल, म्हणाले. मग झोपला.

रव्यात घोळवून तळलेला काळुंदर, सोलकढी. रात्री उशिरा बाबा आला.

10 मे, शनिवार. शुद्ध त्रयोदशी

भरती पावणेदहाची. आज होडीतून खाडीच्या मधल्या जुव्यापर्यंत, म्हणजे बेटापर्यंत. या खाडीतल्या खोतजुव्यावर आणि मसुरकरजुव्यावर माणसं राहतात, त्यांचं येणंजाणं होडीनेच, हे मुलांना नवल.

सुंगटाच्या आमिषाला शेंगाळा लागला. मामाने आधीच बजावलं होतं की याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या पंखांत ताठ काटा असतो, विषारी. गरी काढताना मासा उसळला आणि बाबाच्या अंगठ्यात काटा गेला. क्षणात हात सुजायला लागला, वेदना कोपरापर्यंत. मामा होडी सरळ घाटाला घेऊन आला. आईने चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतलं, स्वतःचा हात घालून पाहिला, सोसवेल इतकंच गरम ठेवलं आणि बाबाला अंगठा त्यात बुडवून बसवलं. पाणी निवलं की बदलत राहिली. हे विष उष्णतेने नासतं, म्हणून गरम पाणी. तासाभरात ठणका पुष्कळ उतरला. तरी कट्टा गावच्या दवाखान्यात जाऊन जखम साफ करून घेतली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. काटा आत तुटून राहिला तर पुढे पिकतं, तेवढ्यासाठी दाखवायलाच हवं.

यापुढे सामानात: लांब नाकाची पक्कड, जाड टॉवेल, थर्मासमध्ये गरम पाणी. शेंगाळ्याला मुलांनी हात लावायचा नाही. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे, म्हणजे तळाला बसलेली वाघळी (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकून जाते.

11 मे, रविवार. तळाशील

रापण.

तळाशील म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदी, मधे वाळूची अरुंद पट्टी, त्यावर माडांत घरं. पहाटे होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून पुन्हा किनाऱ्याला आली. आता दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला माणसांची रांग. मुलांना रांगेच्या शेवटी उभं केलं. दोर ओढत मागे मागे जायचं, शेवटी पोचलेल्याने दोर सोडून पुढे पाण्याकडे यायचं आणि पुन्हा धरायचं. ही लय कुणी शिकवत नाही. पाचेक मिनिटांत थोरली त्या लयीत होती. धाकटा दोराला लोंबकळत होता, तरी त्याच्या पुढच्या आजोबांनी त्याला "ओढ रे, जोरान ओढ" म्हणून सामील करून घेतलं.

जाळं वाळूवर आलं तेव्हा आत तारली, पेडवे, थोडे बांगडे, एक-दोन मोरीची पिल्लं. फार नाही. रापणीचे वाटे होतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा. हात लावलेल्या मुलांनाही मूठमूठ पेडवे मिळाले. धाकट्याने आपली मूठ घरापर्यंत कुणाच्या हातात दिली नाही.

परतताना रापणवाल्यांपैकी एका काकांशी बोलले. त्यांचं म्हणणं असं की मासा किनाऱ्यापर्यंत पोचतच नाही, बाहेरच उचलला जातो. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला 2017 पासून बंदी आहे, पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) 2016 पासून निर्बंध आहेत, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो असं त्यांनी सांगितलं. रापण किनाऱ्यावर येईल तेवढाच मासा घेते आणि पाच-पन्नास घरांत वाटते. माझ्या दृष्टीने मुलांनी बघायला हवी अशी मासेमारी हीच. तिच्यासाठी मासा किनाऱ्याला यायला हवा.

जाळ्यात एक बारकं पापलेटही होतं. थोरलीने वहीतली पट्टी लावली. पापलेट सप्टेंबर 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि 135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरायचं नाही असा नियम आहे. तिच्या पट्टीवर साडेतेरा सेंटिमीटरला आता लाल खूण केली आहे. हे दहाच भरलं. त्या काकांनी ते तिच्या हातात दिलं, तिने गुडघाभर पाण्यात जाऊन सोडलं. ते पोहून गेलं की नाही, लाटेत दिसलं नाही.

13 मे, मंगळवार. वद्य प्रतिपदा

काल बुद्धपौर्णिमा, खुंटी तळापर्यंत उघडी पडली. धाकट्याने घरभर सांगितलं. बाबा रात्रीच्या गाडीने गेला.

उन्हाळ्यात पौर्णिमा-अमावस्येची पहाटेची सुकती संध्याकाळपेक्षा खोल असते. म्हणून शिवल्यांना जायचं ते पहाटे. साडेपाचला, अजून धड उजाडलं नव्हतं तेव्हा आई, मी, शेजारच्या काकी आणि मुलं खाडीच्या वाळूच्या पट्ट्यावर. शिवली शोधायची ती बोटांनी. वाळूवर दोन बारीक भोकं दिसतात, तिथे बोटं खुपसली की आत कडक लागतं. धाकट्याची बोटं लहान, त्याला हे सगळ्यात चांगलं जमलं. या प्रकल्पात तो पहिल्यांदाच ताईच्या पुढे होता, आणि त्याला ते कळलं होतं. आईने बारक्या शिवल्या वेचून परत वाळूत टाकायला लावल्या. उजाडून थोडं ऊन आलं आणि पाणी परत घोट्याला लागलं, निघालो.

शिवल्या दोन-तीन तास खाडीच्याच पाण्यात ठेवल्या, म्हणजे पोटातली वाळू टाकतात. मग आईने आदोळीवर (विळीवर) एकेक उघडून मांस एकाच शिंपीत ठेवलं. एकशिपी. ओलं खोबरं, कांदा, तिखट, आमसूल. थोरलीने आदोळीवर बसायचा हट्ट केला. अजून दोन वर्षांनी, म्हटलं.

17 मे, शनिवार

पंचमी, दुपारी पावणेचारची भरती, ऊन फार. मुलं घाटावरच बसून होती. थोरली आता कुणी न सांगता काठावर आल्या आल्या आधी खुंटी बघते, मग काठी उचलते. मला या सुट्टीत हेच घडायला हवं होतं.

21 मे, बुधवार

कालपासून पाऊस. वळवाची सर नव्हे, सरळ आषाढासारखा. अरबी समुद्रात हवामान बिघडलंय, मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा आहे. मामाने शेजाऱ्यांना बोलावून होडी वर ओढली, एरवी हे काम मेच्या अखेरीला होतं. खाली ओंडके, दोन्ही बाजूंना माणसं, "हैश्या" करत. होडी उलटी करून वर झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधले. मुलांना झाप धरायचं काम. खुंटी वाहून गेली.

25 मे, रविवार

हवामान खात्याने आज मोसमी पाऊस देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात. बाबा काल न्यायला आलाय, पण निघणं उद्यावर ढकललं, फोंडाघाट दिवसाउजेडी चढायचा.

काल रात्री मळ्यात बत्त्या दिसू लागल्या. चढणीचे मासे. पहिल्या जोरदार पावसाने वहाळ (ओढे) भरून मळ्यांत पाणी येतं आणि गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, उथळ मळ्यात अंडी घालायला. लहानपणी मीही वडिलांच्या मागे टॉर्च धरून जायची. त्या माशांचं तिखलं आणि गरम भात ही पावसाळ्याची सुरुवात होती.

मुलांना घेऊन गेलो, बघायला. मेरेच्या (शेताच्या बांधाच्या) खाली जिथून पाणी पडतं तिथे टॉर्च धरला. बोटभर खोल पाण्यात शिंगट्या आणि मळये, पाठ अर्धी उघडी, शेपटी आपटत, चिखलावरून घसरत पुन्हा चढत होते. एक मासा मेरेच्या कडेला येऊन खाली पडला, पुन्हा आला, पुन्हा पडला. थोरली वाकून बघत होती. ती म्हणाली, "याच्या पोटात अंडी आहेत ना? त्या चिलापीच्या तोंडात होती तशी?" मामाने हो म्हटलं. तिने टॉर्च बाजूला फिरवला.

घरी आल्यावर यावर बरंच बोलणं झालं. आजोबा म्हणाले, आम्ही जन्मभर खाल्ले, मासे संपले नाहीत. मामाचं म्हणणं, तेव्हा माणूस हाताने आणि टोपलीने धरायचा, आता अख्खा वहाळ जाळ्याने आडवतात, म्हणून दर वर्षी चढण पातळ होत चालली आहे. मी मामाच्या बाजूची आहे. परंपरा म्हणून चार मासे हाताने धरणारा माणूस आणि वहाळाचं तोंड बंद करणारा माणूस यांना एका मापाने मोजू नये. पण अंडी घालायला निघालेल्या माशाचा रस्ता अडवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, मग तो कुणीही अडवो. आजोबा बराच वेळ गप्प होते. सकाळी शेजारून चढणीच्या माशांचा वाटा आला तेव्हा त्यांनी तो आभार मानून घेतला, आणि आमच्या घरातून यंदा कुणी मळ्यात जाणार नाही असं मामाला सांगितलं. आलेला वाटा शिजवला. मुलांनी खाल्ला. टाकून दिला असता तर तो माशाचाही अपमान झाला असता आणि शेजाऱ्यांचाही.

1 जून, रविवार. पुणे

आजपासून 31 जुलैपर्यंत, 61 दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे. बंदीची कारणं दोन: खवळलेला समुद्र आणि माशांच्या विणीचा काळ. थोरलीने दुसरं कारण आधी सांगितलं. बाजारात दोन महिने बर्फातला मासा येत राहील. आम्ही या काळात सुकट, सोडे आणि भाज्यांवर राहायचं ठरवलंय. धाकट्याचा वाटाघाटीचा प्रयत्न चालू आहे.

काठ्या पुसून, उन्हात वाळवून माळ्यावर. गऱ्यांना खोबरेल लावून डबीत. खाऱ्या पाण्यातला तंगूस गोड्या पाण्यात धुतला, तरी एका ठिकाणी चरलाय, तेवढा बदलायचा. धाकट्याची काठी दिवाळीपर्यंत आखूड पडेल, नवी कापून घ्यायची. मामाला नवी खुंटी रोवायला सांगितलं आहे, या वेळी घाटाच्या दगडाला बांधून.

दिवाळीच्या तारखा थोरलीने पंचांगात बघून ठेवल्या. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबर, अमावस्या, म्हणजे उधाण, खाडीला ओढ फार, धाकट्याला नको. भाऊबीज 23 ला. 25 ऑक्टोबर, शनिवार, कार्तिक शुद्ध चतुर्थी. चार पाऊण तीन. दुपारी एकला काठावर, असं तिने त्या चौकोनात लिहिलं आहे, आणि खाली कंसात: मामाला विचारणे, काळुंदर त्या वेळी अंड्यांवर असतो का.